विहिरीचा तळ

"तुमचे पाहुणे दिवसातून दोनदा न्हातात अन् माझी मिरची उभ्या उभ्या वाळते. हा कुठला न्याय, अक्का?" धाकटी जाऊ सकाळीच थोरलीच्या दारात येऊन उभी राहिली.

थोरली पाहुण्यांच्या चादरी वाळत घालत होती. "पाणी जपून वापरा, अशी पाटी लावलीय ना न्हाणीत."

"पाटी काय त्यांचे हात धरणार आहे?"

थोरलीनं पुढची चादर झटकली. घर वाटलं, शेत वाटलं, विहीर तेवढी वाटता येईना म्हणून सामाईक राहिलेली. नवरा झाडावरून पडून कमरेतून अधू झाला, तेव्हापासून मागच्या दोन खोल्या सुटीला येणाऱ्या शहरातल्या माणसांना देऊन तिनं संसार ओढला होता. यंदा उन्हानं जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. पाहुण्यांना बोलावं तर ते पुन्हा फिरकायचे नाहीत. न बोलावं तर विहीर आटायची. इकडं आड, तिकडं विहीर म्हणतात. तिच्या नशिबी दोन्ही कोरडीच.

दुपारी विहिरीवरची मोटार घरघरली, खोकली अन् नुसता वारा ओढू लागली. पाहुणीबाई केसांत फेस, खांद्यावर टॉवेल अशी बाहेर आली.

"मावशी, नळ बंद पडला. डोळ्यांत साबण जातोय माझ्या. आम्ही काय फुकट राहतोय इथं?"

बादली उचलून थोरली विहिरीकडं धावली. बाई तणतणत तिच्या मागोमाग आली अन् दोघी काठावरून वाकल्या.

तळाशी धाकटी होती. पदर खोचून, गुडघाभर गाळात उभी राहून ती वाटीवाटीनं पाणी घागरीत भरत होती. डोकं वर करून तिनं बाईचे फेसाळलेले केस पाहिले. आता ही वरपर्यंत ऐकू येतील अशा शिव्या देणार, म्हणून थोरलीनं डोळे मिटून घेतले.

"दोर सोडा, अक्का," खालून आवाज आला. "बाईंचं डोकं आधी धुवून होऊ द्या. मिरचीचं बघू उद्या."

घागर वर ओढायला बाईनंही दोराला हात लावला. वर आलेल्या घागरीतलं तांब्याभर पाणी तिनं कसंबसं डोक्यावर घेतलं, उरलेला फेस टॉवेलनं पुसला अन् बाकीची घागर कडेवर घेऊन, अर्धी अंगावर सांडत, ती मिरचीच्या वाफ्याकडं चालू लागली.

त्या संध्याकाळी पाहुणीबाईच्या सगळ्या घरानं एका बादलीत हातपाय धुतले. निघताना ती थोरलीला म्हणाली, "पाटी वाचली होती, मावशी. पण नळ सोडला की पाणी येत होतं. मग खरं कसं वाटावं?"

थोरलीनं ते ध्यानात ठेवलं. पुढच्या पाहुण्यांची गाडी आली तेव्हा सामान उतरवायच्या आधी तिनं त्यातल्या नवराबायकोला विहिरीपाशी नेऊन तळ दाखवला.

"दोघांत मिळून रोजची एक बादली. तेवढ्यात भागवणार असाल तर खोली उघडते."

नवऱ्यानं खाली पाहिलं, बायकोनं नवऱ्याकडं. रस्त्यापलीकडं पोहायचा तलाव असलेलं हॉटेल आहे, असं काहीसं दोघं पुटपुटले. गाडी वळली अन् धुरळा उडवत गेली.

"पायावर धोंडा पाडून घेतलास," थोरलीचा नवरा खाटेवरून म्हणाला.

"विहीर गेली तर पायही राहायचा नाही," ती म्हणाली खरी, पण आपण विहीर वाचवली की घराला टाळं ठोकलं, ते तिचं तिलाच उमगेना. ती जाऊन विहिरीच्या काठावर बसून राहिली.

धाकटी येऊन शेजारी टेकली. "गेले?"

"गेले."

"सगळ्यांना असं दाखवत बसलात तर खोल्यांत कोळी जाळी विणतील."

"विणू देत."

धाकटी जरा वेळ मातीत रेघोट्या ओढत राहिली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली. "आज चूल पेटवू नका. भावजींना घेऊन माझ्याकडंच या जेवायला."

थोरली मान खाली घालून उठली अन् नवऱ्याला घ्यायला तिच्यामागून खाटेकडं चालू लागली.