शेवटच्या बांधीपासून मोजणारा

मी एक जुना जोड-प्रोग्राम आहे. मित्रांनो, नाव ऐकून घाबरू नका. संगणकात एक काळी खिडकी असते. तिथे शेल नावाचा प्रोग्राम चालतो. त्याला हुकूम टाइप करून द्यावे लागतात. त्याला मुळात थोडेच हुकूम येतात, बाकीचे माझ्यासारख्यांनी शिकवायचे. मी शिकवलेल्या हुकमाचं नाव 'पाणपाळी', आणि मलाही सगळे त्याच नावाने ओळखतात.

माझा जन्म सौंदडच्या पाणीवापर संस्थेच्या खोलीत झाला. गावातलीच दुर्गेश्वरी तेव्हा गोंदियाला कॉलेजात होती. दिवाळीच्या सुट्टीत तिने मला लिहिलं. तलावाच्या नहराखाली, म्हणजे कालव्याखाली, चाळीस घरांच्या बांध्या, बांध घातलेली धानाची शेतं, आहेत. आमच्याकडे पाणी शेवटच्या बांधीला आधी मिळतं. तलावाजवळच्यांनी आधी घेतलं, तर टोकाला थेंब पोचत नाही. म्हणून मी उलटा मोजतो. पाणी कुणाला कधी, याची यादी मी काढतो आणि तीत शेवटच्या बांधीची धुरपताबाई सर्वांत वर असते. नऊ वर्षं ती यादी दारावर लागली आणि नहरावर कधी भांडण झालं नाही. कौतुक मात्र प्रिंटरचं व्हायचं. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

यंदा धान निसवत असताना, लोंब्या बाहेर पडत असताना पावसाने दडी मारली, आणि नेमका तेव्हाच जुना संगणक जळाला. संस्थेचे सचिव केशोराव यांनी तळहाताएवढा, कमी विजेवर चालणारा नवा संगणक आणला आणि आधीच प्रत काढून ठेवलेल्या पेन ड्राइव्हमधून मला त्यात घातलं. मी काही उठेना. मला जुन्या प्रोसेसरच्या भाषेत बांधलेलं होतं. नव्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तलावाचं गेट उघडणार होतं. यादी नसली की वरचेच आधी पाणी ओढणार, हे धुरपताबाईला पक्कं ठाऊक होतं. ती उंबऱ्यावर येऊन बसली.

दुर्गेश्वरी आता सडक अर्जुनीला शिकवते. निरोप मिळताच ती दुपारी आली.

"काऊन चालत नाई हा, बेटा? जुन्यावर तं बराबर चालत होता," केशोराव म्हणाले.

"काका, तुमी तांदूळ आनला. तांदूळ पेरून धान उगवते का? मी लिहिला तो मूळ मजकूर म्हणजे धान. तो कुठं आहे?"

केशोराव ओशाळले. "तो तं जुन्या डब्यातच राहिला. मले वाटलं, जे चालते तेवढंच घ्यावं."

नशीब, जुनी डिस्क शाबूत होती. दुर्गेश्वरीने मूळ मजकूर काढला आणि नव्या यंत्रावर मला पुन्हा बांधलं. मी उठलो. धुरपताबाईपासून चाळीसही नावं ओळीने आली, पण मी थांबेचना. पडद्यावर 'क्रमांक २५५' उमटला आणि मी पुढे बरळत सुटलो.

"दोनशे पंचावन कोन आहे जी?" धुरपताबाई म्हणाली. "आमच्या नहरावर तं चाळीसच घरं."

त्या आकड्यावरून दुर्गेश्वरीला चूक सापडली. संगणकात मोजणी शून्यापासून असते, म्हणून तलावाजवळच्या पहिल्या घराचा क्रमांक शून्य; उतरत उतरत त्याच्याही खाली, उणे एकवर आलो की थांबायचं, असं तिने मला सांगितलं होतं. माझ्या मोजणीच्या छोट्याशा खणात जुना प्रोसेसर उणे आकडा ठेवू देत असे. नवा न सांगता ठेवू देत नाही. तो उणे एकला दोनशे पंचावन्न समजतो.

"चूक माझीच आहे," ती म्हणाली आणि उणे आकडाही चालेल असं सांगणारा एक शब्द तिने मजकुरात घातला. तिच्या लॅपटॉपात जुन्या जातीचा प्रोसेसर होता. मला दोन्हीकडे बांधून तिने दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. त्या तंतोतंत जुळल्या. मग ती खुर्चीवरून उठली. "आता तुमी बांधा, काका." साठीचे केशोराव एका बोटाने टाइप करत बसले. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा मी त्यांच्या हातून उठलो. मला इतका आनंद आधी कधी झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता धुरपताबाईच्या बांधीत पाणी शिरलं.

मित्रांनो, तुमच्या गावाचं काम करणारा प्रोग्राम असेल, तर त्याचा मूळ मजकूर दोन ठिकाणी जपा आणि तो बांधता येणारी निदान दोन माणसं तयार करा. सौंदडला आता तशी दोन आहेत. उद्या तिसऱ्या जातीचं यंत्र आलं, तरी मला त्याची भीती नाही.