राखाडी पडद्यावरचा डाग

ऑफिसात त्याला सगळे 'भिंग' म्हणत. एक तर नाकावर तसाच जाड चष्मा, आणि दुसरं म्हणजे भल्याभल्या यंत्रांचं बिंग फोडणं हाच त्याचा धंदा. लॅपटॉप, कॅमेरे, मॉनिटर यांची परीक्षणं छापणाऱ्या त्या मासिकात स्क्रीनबद्दल भिंगनं काही लिहिलं की ती काळ्या दगडावरची रेघ. कंपन्या त्याच्या नावानं बोटं मोडत आणि नवा माल मात्र आधी त्याच्याकडेच पाठवत.

आज टेबलावर होता तो लॅपटॉप चांगलाच महागातला. पाठीमागे पूर्ण दुमडला की टॅबलेट, अर्धा दुमडून पालथा घातला की तंबूसारखा उभा. बिजागरी अशी, की एका बोटानं उघडावा आणि हवा तिथे थांबावा. आणि स्क्रीन तर विचारूच नका! सकाळी त्यानं काळ्या मांजराचा फोटो लावला, तर मांजराच्या अंगावरचा केसन् केस वेगळा दिसत होता. बोट ठेवायला जागा नव्हती, आणि बोट ठेवण्यावरच तर भिंगचं पोट होतं.

मग त्यानं राखाडी पडदा लावला, आणि त्याच्या छातीत धस्स झालं.

ही त्याची नेहमीची तपासणी. सगळा स्क्रीन एकसारखा राखाडी करायचा, मधोमध एक फुली काढायची, नजर फुलीवर खिळवायची आणि एक डोळा मिटून चारी कोपऱ्यांत उजेड सारखा आहे का ते पाहायचं. फोटो धुणाऱ्या लॅबमध्ये उमेदवारी करताना उस्तादांनी शिकवलेलं. ते म्हणायचे, दोन डोळे नवराबायकोसारखे एकमेकांच्या चुका झाकतात, तेव्हा खरं काय ते एकेकट्याला विचार. भिंग डावा मिटायचा आणि उजव्याला विचारायचा. उजवा त्याचा लाडका.

उजव्यानं सांगितलं, खाली उजव्या कोपऱ्यात काळसर डाग आहे.

एरवी भिंगनं खुशीत हात चोळले असते. पण गेले काही दिवस त्याच डोळ्याच्या कडेला मधूनच ठिणगी चमकत होती. हे त्यानं बायकोला सहज बोलून दाखवलं आणि स्वतःच्या मागे लचांड लावून घेतलं. "अहो, डॉक्टरांना दाखवून या. मामंजींचं असंच झालं होतं," एवढंच तिचं पालुपद. त्याच्या वडिलांच्या एका डोळ्यावर कडेनं सावली चढत गेली, ते 'होईल बरं' म्हणत बसले, आणि तो डोळा कायमचा गेला. "अंक निघू दे एकदा," असं म्हणून भिंगनं बायकोची बोळवण केली होती.

तेव्हा प्रश्न सरळ होता. डाग स्क्रीनमध्ये, की त्याच्यात? एखादं यंत्र सदोष निघावं म्हणून त्यानं जन्मात कधी एवढी आस लावली नव्हती.

जागा पक्की राहावी म्हणून त्यानं डागाच्या शेजारी, लॅपटॉपच्या काठाला पिवळ्या कागदाचा कपटा चिकटवला. स्क्रीन पुसला. चष्मा पुसला. पुन्हा चष्माच पुसला. उजवा मिटून डाव्याला विचारणं बाकी होतं, पण ते त्यानं विचारलं नाही. आणखीही एक उपाय होता, अगदी साधा. लॅपटॉप तंबूसारखा पालथा उभा करायचा. स्क्रीन उलटा झाला, की त्यातला डागही त्याच्याबरोबर वरच्या डाव्या कोपऱ्यात जायलाच हवा. नवख्यांना हा उपाय शिकवणारा भिंगच. आज त्यानं तो लॅपटॉप कितीदा उघडला, मिटला, दुमडला, पण राखाडी पडदा लावून पालथा घालायला हात काही धजेना. शेवटी त्यानं कंपनीला कळवून टाकलं, पॅनेल सदोष आहे.

दुपारी कंपनीची इंजिनिअर धापा टाकत आली. हा स्क्रीन तिच्याच हाताखाली तयार झाला होता, त्यामुळे तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. येताना तिनं तशाच दुसऱ्या लॅपटॉपची पेटी आणली होती. मागोमाग संपादकही खोलीत शिरले. भिंगनं पहिल्या लॅपटॉपवरच्या कपट्याकडे बोट दाखवलं.

"हो की! दिसला मला," संपादक डोळे बारीक करून म्हणाले. "पुसट आहे, पण आहे."

भिंगला हसावं की रडावं कळेना. या माणसाला आपल्या पायातले दोन मोजे दोन रंगांचे आहेत हे संध्याकाळपर्यंत कळायचं नाही, आणि त्याला म्हणे डाग दिसला!

दुसरा लॅपटॉप लावला. राखाडी पडदा, फुली, डावा डोळा बंद. डाग त्याच जागी होता. भिंगनं पुन्हा एकदा चष्मा पुसला.

"यातही आहे," तो म्हणाला.

"म्हणजे अख्खा माल खराब!" संपादक खूश झाले. "मुखपृष्ठावर घेऊ."

"सर, असं छापलंत तर सगळा माल परत बोलवावा लागेल आम्हाला." इंजिनिअर काकुळतीला आली. "चूक असेल तर मी कबूल करीन. पण मला खरंच काही दिसत नाहीये हो."

"तुमची नजर तयार नाही," भिंग खेकसला, आणि त्याची त्यालाच लाज वाटली. मुलगी खरं बोलत होती, हे त्या खोलीत त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिनं पुन्हा एकदा कपट्याजवळ वाकून पाहिलं. मग म्हणाली, "पालथा घालून बघू या का, सर? तुमच्याच लेखात वाचलं होतं मी."

"काही गरज नाही."

"अरे, बघू दे की तिला," संपादक म्हणाले. "समाधान होईल."

तिनं पहिला लॅपटॉप उचलला, स्क्रीन मागे लोटला आणि सगळं पालथं करून टेबलावर उभं केलं. बिजागरीचा जराही आवाज झाला नाही. राखाडी पडदा तसाच होता, फुली मधोमध होती. भिंगनं डावा डोळा मिटला आणि नजर फुलीवर ठेवली.

पिवळा कपटा आता वर डाव्या कोपऱ्यात होता. त्याच्या शेजारी स्वच्छ राखाडी उजेड होता. आणि डाग खाली, उजव्या कोपऱ्यातच बसून होता. तेवढाच राहिलाही नव्हता. सकाळपेक्षा फुलीच्या जवळ सरकला होता.

"काय रे, गेला ना वर?" संपादकांनी विचारलं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. कुणी अविश्वास दाखवला नसता. अंक निघाला असता, नाव राहिलं असतं, डॉक्टरकडे उद्या-परवा जाता आलं असतं. भिंगनं डावा डोळा उघडला. डाग पुसल्यासारखा नाहीसा झाला. इतके दिवस डावा बिचारा उजव्याची चूक मुकाट्यानं झाकत होता. भिंगला भीतीनं रडू फुटायच्या बेतात आलं.

"स्क्रीन चांगला आहे," तो म्हणाला.

"आणि डाग?"

"डाग माझा आहे."

कुणाला काही कळायच्या आत त्यानं बायकोला फोन लावला होता. 'सांगत होते ना मी' हे शब्द ऐकायच्या तयारीतच तो होता, पण ती म्हणाली, "अहो, धावपळ करू नका. कुणाला तरी गाडी काढायला सांगा. मी परस्पर दवाखान्यात येते." इंजिनिअरनं गाडीची किल्ली केव्हाच हातात घेतली होती.

दारातून तो मागे वळला. "लिहून घे," तो संपादकांना म्हणाला. "बोट ठेवायला जागा नाही."

"ते मरू दे रे! तू नीघ आधी!"

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग इंजिनिअरनं दबकत विचारलं, "सर, दिसतंय ना नीट?"

'होईल बरं' हे शब्द भिंगच्या अगदी ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले. त्यानं डावा डोळा मिटला आणि उजव्याला विचारलं. समोरचा रस्ता फक्त डाव्या बाजूला होता.

"जरा जोरात घ्या," तो म्हणाला.