ज्वालेमागं मेघ नव्हता

मी वेधशाळेतली दुसरी दुर्बीण बोलतेय. पहिली सूर्याचा चेहरा बघते. माझ्या पोटातली तबकडी ते तोंड झाकते, तेव्हा कुठं मला भोवतीचं तेजोवलय दिसतं. सूर्यावर ज्वाला भडकली की तिला कळतं. त्यानं तप्त वायूचा मेघ भिरकावला की मला.

आम्हा दोघींची चित्रं शेजारी मांडून वेधशाळेतल्या बाई बैठकीत म्हणाल्या, "साहेब, ज्वाला आणि मेघ एकाच चुंबकी पिळातून सुटतात. बऱ्याचदा जोडीनं, पण कधी एकेकटेही. मेघ पृथ्वीवर आदळला तरच चुंबकी वादळ होतं. नुसत्या ज्वालेवरून त्याचं भाकीत नको."

"ठिणगी दिसली की धूर आलाच, बाई! दुर्बिणीला दुर्बीण कशाला?" वेधशाळेच्या प्रमुखाच्या खुर्चीतून साहेब म्हणाले.

सगळे खो खो हसले. माझ्यावर ताडपत्री पडली. बाईंना शाळेच्या सहलींना माहिती सांगायला बसवलं.

मी डूख धरला. बाईंनीही.

एका सकाळी प्रचंड ज्वाला भडकली. साहेबांनी पत्रकार बोलावले. "चुंबकी वादळ येतंय! वीजकेंद्रांनी भार उतरवावा, नाहीतर रोहित्रं जळतील." इकडे बाईंनी ताडपत्री काढून माझ्यातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मेघ सुटलाच नव्हता. वरच्या चुंबकी रेषांनी त्याला जखडून ठेवलं होतं. जिना उतरून दोन शब्द बोलायचे, एवढंच. त्यांनी माझं झाकण लावलं.

"आपटू दे मेल्याला तोंडावर."

कारखाने बंद राहिले, वादळ आलंच नाही. शिपाईसुद्धा साहेबांना विचारू लागला, "धूर कुठाय?" माझ्या भिंगाला काय गारवा वाटला म्हणून सांगू!

पुढच्याच महिन्यात, ज्वालेचा मागमूस नसताना, तबकडीभोवती चहूबाजूंनी मेघ उसळला. म्हणजे तो थेट आपल्याकडेच निघाला होता. बाईंनी वीजकेंद्राला फोन लावला.

"पुन्हा तुमची वेधशाळा?" तिथला अधिकारी म्हणाला. "ज्वाला आहे?"

"नाही, मेघ आहे. हात जोडते, भार उतरवा."

"मागच्या खेपेला ज्वाला होती, तरी काही झालं नाही. आता तर तीही नाही!" त्यानं फोन ठेवला.

रोहित्रं जळाली. शहर आठवडाभर अंधारात राहिलं.

साहेब वर आले. "त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"होतं. तुमचं हसं व्हायला हवं होतं मला." बाईंचा आवाज चिरकला. "झालं. पण आता माझंही कुणी ऐकत नाही."

बाईंनी नोकरी सोडली. आता साहेब रोज सकाळी आधी माझ्याकडे येतात, वाकून डोळा लावतात. वाकू देत. त्या बैठकीत हसलेल्या एकालाही मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुमच्यापैकी कुणी कधी माझ्यातून पाहिलंत, तर माझा राग माझ्यापाशी राहू द्या. दिसेल ते खाली जाऊन सांगा. वैऱ्यालासुद्धा.