घरची डॉक्टर

आत्तींनी छातीतली गाठ सव्वा वर्ष लपवली आणि त्याचं कारण माझी पीएचडी. हे कुणाला सांगितलं की लोक म्हणतात, चंदना, उगाच मनाला लावून घेऊ नकोस. लावून घेणार नाही तर काय करणार?

आष्ट्याच्या कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. बढतीसाठी पीएचडी हवी, म्हणून परदेशातल्या एका विद्यापीठाची ऑनलाइन धरली. विषय, हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरांत शिरणारे व्हायरस. मधल्या खोलीत हेडफोन लावून मी गाइडशी बोलायचे आणि मीटिंग नेमकी दिवस मावळताना असायची. आम्ही जैन, अंधार पडल्यावर जेवत नाही. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई गुणमाला, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं ताट सरकवायच्या आणि मी जेवतेय ना, ते दारातून बघायच्या. त्यांच्या कानावर काय पडायचं? व्हायरस, इन्फेक्शन, पेशंटची माहिती.

आमची सून डॉक्टर होतीय, असं त्यांनी गल्लीभर सांगून टाकलं. शेजारची मंगल गुडघे दाखवायला आली, तेव्हा मी हसून "अजून झाले नाही" एवढंच म्हणाले. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण आत्ती ज्या ऐटीत मंगलकडे बघत होत्या, ती ऐट मला आवडली. कॉलेजात तरी माझ्याकडे कोण तसं बघत होतं?

यंदा जानेवारीत तोंडी परीक्षा झाली. स्क्रीनवरच्या तिघांनी डॉक्टर म्हणून माझं अभिनंदन केलं. माझा नवरा, आर्जव, पेढे आणायला गेला. आत्ती आत आल्या, दाराला कडी घातली आणि पलंगावर बसून ब्लाउजची बटणं काढायला लागल्या.

"आता झालीस न्हवं डॉक्टर? हे बघ."

लिंबाएवढी गाठ होती. वरची कातडी आत ओढली गेली होती. कधीपासून, विचारलं तर म्हणाल्या, मागच्याच्या मागल्या पर्युषणापासून.

"परक्या गड्यापुढं कशाला उघडायचं? घरातच डॉक्टर होतीय, म्हटलं थांबावं."

मी तसली डॉक्टर नव्हे, माझी डॉक्टरकी यंत्रांची, हे मी तेव्हा सांगितलं. त्या हसल्या. नवीन आहे, घाबरली असेल, असं त्यांना वाटलं.

सांगलीला नेलं, तर तपासणारी डॉक्टर बाईच निघाली. अशा बायका सांगलीत कितीतरी आहेत, मी एका सकाळी बसने नेऊन आणलं असतं. दाखल करून तपासण्या झाल्या. रोग यकृतापर्यंत गेला होता. मला बाजूला घेऊन बाईंनी चार-सहा महिने सांगितले. वर्षापूर्वी आणलं असतं तर, एवढंच म्हणाल्या. मला त्यांचा भयंकर राग आला. मग कळलं, तो राग त्यांचा नव्हताच.

बाई खाटेजवळ येऊन आत्तींना समजावायला लागल्या. आत्तींनी त्यांना हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या.

"त्यांचं राहू दे. तू सांग. बरी व्हईन का मी?"

मी त्यांचं मनगट धरलं. नाडी नेमकी कुठे लागते, हेही मला धड माहीत नव्हतं. तरी घड्याळाकडे बघत थोडा वेळ तशीच उभी राहिले.

"व्हणार, आत्ती," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले आणि कित्येक दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.