आठव्या दिवसाचं धुणं

“आधी कोट काढा. कोट वाळायला वेळ लागतो,” विसेंता म्हणाली आणि थोरल्या जावेच्या अधिकाराने तिने गाठोड्याला हात घातला.

असुंता ओढ्याकाठच्या दगडावर बसून होती. अंगावर जावेची काळी शाल, मांडीवर रिकामे हात. माणूस गेल्यावर आठव्या दिवशी त्याचे कपडे वाहत्या पाण्यात धुवायचे, जुने जाळायचे, बरे असतील ते नातलगांत वाटायचे, म्हणजे त्याची वाट मोकळी होते. धुणारे इतर. बायकोने कपड्यांना हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. असुंता बघत होती.

तिचा नवरा सेनोन मांसाच्या विमानावर मेकॅनिक होता. पर्वताच्या पलीकडे, बेनीच्या गवताळ मुलखात पहाटे गुरं कापायची, मांस गरम असतानाच विमानात रचायचं आणि बर्फाची शिखरं ओलांडून दुपारच्या आत ला पाझ शहरात उतरायचं, हा रोजचा शिरस्ता. विमानं लढाईतली, बॉम्ब टाकून टाकून म्हातारी झालेली. दारं धड लागत नसत. उंचीवर दम कोंडला की भिंतीतून लोंबणारी रबरी नळी दातांत धरून हवा चोखायची. सेनोनने आणलेल्या मांसातलंच काही असुंता बाजारात ठोकळ्यावर तोडून विकायची. नवरा आणतो, बायको तोडते, असा तो सरळ संसार होता.

मग एक दिवस विमान आलं नाही. त्या वर्षातलं ते तिसरं. ढग होते आणि दोन शिखरांमधली खिंड घड्याळाच्या अंदाजाने शोधायची होती. कंपनीची दुसरी विमानं तीन दिवस डोंगरावर घिरट्या घालून आली. पांढऱ्यावर पांढरं, काही दिसेना. शेवटी एक साहेब टोपी हातात घेऊन घरी आला आणि ती टोपी गोल गोल फिरवत बराच वेळ उभा राहिला.

“मढं दाखवा, मग रडते,” असुंता त्याला म्हणाली होती. थोरला दीर मेलितोन भला माणूस, त्याने पुष्कळ समजावलं. तिने काळं नेसायलाही नकार दिला. नकाराला कारण होतं. जिवंत माणसाचे कपडे असे धुतले तर तो जिथे असेल तिथे मरतो, असं तिच्या आईच्या गावात मानत. पण विसेंताने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. “तो गेलेला असला तर घराबाहेर ताटकळत उभा असेल गं. थंडीत. तुझ्या हट्टापायी.” सेनोनला थंडी सोसत नसे. भर उन्हाळ्यातही तो पाय तिच्या पायांत घालून झोपायचा. असुंता मुकाट्याने उठली आणि तिने कपडे काढून दिले.

आता कोट पाण्यात बुडत होता.

तेवढ्यात वरच्या वाटेने ओझ्याची दहाबारा लोकरी जनावरं, लामा, हाकत एक म्हातारा उतरला. लामांच्या पाठीवर वाळवलेल्या बटाट्यांची पोती होती. धुण्याच्या ठिकाणी वाटसरूला रिकाम्या तोंडी जाऊ देत नाहीत आणि हे म्हाताऱ्याला पुरतं ठाऊक असावं, कारण कुणी बोलवायच्या आधीच तो बूड टेकून बसला.

“या ताता, घ्या,” मेलितोनने त्याच्यापुढे दारूचा पेला धरला. “कुठले तुम्ही?”

“चुरिमाचा. इलारियो म्हनतात मला.” म्हाताऱ्याने चार थेंब धरणीमातेला सांडले आणि बाकीचे स्वतःला. “कुनाचं धुनं?”

“धाकट्या भावाचं. विमानात होता.”

“हां हां. ते आमच्या वरल्या बाजूचं.”

मेलितोन पुढे सरकला. “वरल्या बाजूचं म्हणजे? विमान सापडलंच नाही कुणाला.”

“न सापडायला काय झालं? कोंडोर जमल्यात की तिथं. मांसाचंच हुतं नव्हं?”

विसेंताने छातीवर क्रूस काढला. कोंडोर म्हणजे त्या डोंगरातली थोराड गिधाडं, त्यांचं नाव अशा वेळी कुणी काढत नाही. “अहो, बायको बसलीय समोर,” ती दबक्या आवाजात म्हणाली. पण म्हाताऱ्याच्या पोटात दारू गेली होती.

“पन औंदाचे कोंडोर येडेच बघ. खाली येत्यात, पंख मिटाया जात्यात, की लगेच फडफडत वर. परत येत्यात, परत वर. कालबी तेच. कुनीतरी हाकलल्यावानी.”

विसेंताच्या हातातली साबणाची वडी निसटली आणि वाहत गेली, तरी तिला भान नव्हतं.

“आणि हे तुम्ही आठ दिवस कुणाला सांगितलं नाही?” मेलितोन ओरडलाच.

“मला कुनी इचारलं? मागल्या विमानाच्या टायमाला सांगाया गेलो, तर शिपाई म्हनाला, विमानाचा पत्रा तूच चोरलास. दोन दिस कोंडलं मला.” म्हातारा जरा घुटमळला. “पत्रा नेला हुता, ते खरं. त्याची भांडी बेस होत्यात.”

असुंता उठली. चपलांसकट ओढ्यात शिरली आणि तिने कोट बाहेर ओढला.

“अगं शिवू नकोस! तू नाही शिवायचं!” विसेंता किंचाळली.

“ते टोक धरा, जाऊबाई. पिळा.”

“अगं पण धुणं सुरू झालंय!”

“अर्धंच झालंय ना? मग अर्धाच मेला असेल. उरलेला घेऊन येते. पिळा म्हणते ना!”

विसेंताने जन्मात पहिल्यांदा धाकट्या जावेचं ऐकलं आणि कोट पिळला.

“असुंता, आशा लावून घेऊ नकोस,” मेलितोन म्हणाला. “मांसावर आपापसांत भांडतही असतील ती गिधाडं.”

“असतील, भाऊजी. बघून येते.”

ती एकटी निघाली असती, हे त्याला दिसत होतं. मग तोही निघाला. धुण्याला आलेले तिघे बाप्ये निघाले आणि लामा विसेंताच्या गळ्यात टाकून वाट दाखवायला इलारियो निघाला. मेलेल्यासाठी रांधलेला रस्सा, उरलेली दारू, जाळायला काढलेली घोंगडी, पिळलेला कोट, सगळं बरोबर घेतलं. रात्र इलारियोच्या झोपडीत काढून सकाळी ते बर्फाला लागले.

आधी आवाज आला. पत्र्यावर काहीतरी आपटल्याचा, थांबून थांबून. असुंता धावत सुटली. त्या उंचीवर कुणी धावत नाही, छाती फुटते.

विमानाचं मधलं धड बर्फात गाडलं गेलं होतं, शेपूट वर होतं आणि पुढचा काचेचा भाग फुटून उघडा पडला होता. तिथे गाईच्या कातड्यांत गुंडाळलेला एक माणूस मोठ्या पान्याने पत्रा बडवत होता. तोंड काळं पडलेलं, डोळ्यांवर चिंधी बांधलेली. माणसं आल्याची चाहूल लागली तरी त्याचा हात थांबला नाही.

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“आठ दिवसांत बायको विसरलास?”

पाना खाली पडला. असुंताने त्याचं डोकं छातीशी धरलं. त्याला मांसाचा आणि इंजिनाच्या तेलाचा वास येत होता आणि तिला तो जगातला सगळ्यात चांगला वास वाटला. ती मोठ्याने रडली. इतके दिवस राखून ठेवलेलं सगळं रडली.

“डोळ्यांना काय झालं?”

“बर्फाच्या उजेडानं भाजलेत. येतील परत. पायांना मात्र काही कळत नाही, बघ.” तो चाचपडत हसला. “खायला बक्कळ होतं. पण कच्चं, आणि मीठ नाही.”

तिने त्याला रस्सा भरवला आणि कोट चढवला.

“हा ओला का?”

“धुतला.”

“कशाला?”

मेलितोनला अचानक लांबचं शिखर न्याहाळावंसं वाटलं. “जाऊबाईंना स्वच्छतेची हौस आली होती,” असुंता म्हणाली.

मग सेनोनने पुढच्या खुर्चीकडे हात केला. तिथे विमान चालवणारा कप्तान रोमुलो बसला होता, पट्टा बांधून, डोकं एका बाजूला कलून. बेनीचा, गरम मुलखातला माणूस. ला पाझला उतरला की पहिली शिवी थंडीला घालायचा.

“दोन दिवस बोलत होता. घरचा नदीतला मासा, आईच्या हातचा, तेच तेच. मग बोलेना.” सेनोनने डोळ्यांवरची चिंधी घट्ट केली. “कोंडोर आधी डोळे काढतात, असुंता. त्यानं सांगून ठेवलं होतं, आई मला बघायला येईल, तेव्हा चेहरा असू दे.”

इलारियोने डोक्यावरची टोपी काढली.

पुरुष पाच होते, घोंगडी एक. एका वेळी एकच जण खाली नेता येणार होता, आणि सेनोनच्या पायांचा रंग बघून मेलितोन म्हणाला की आज डॉक्टर गाठला नाही तर पाय जातील. इलारियो त्यांना आपल्या गावापर्यंत पोचवून दुपारनंतर चार गडी घेऊन वर येणार होता.

“तोवर?” सेनोन म्हणाला.

“तोवर काय? तो मेलाय, सेनोन.”

“म्हणूनच म्हणतो. त्याला एकटं टाकून मी येत नाही.” त्याने खुर्चीची दांडी पकडली. ती बोटं सोडवायला गेलेल्या भावाला त्याने आंधळेपणानेच ढकललं. “इतके दिवस कशाला केलं मग मी हे? दुपारपर्यंत काय उरेल त्याचं?”

असुंताला त्याचा हात सोडायचा नव्हता. आत्ता कुठे मिळाला होता. खाली जाताना प्रत्येक खाचखळग्यात त्याचं डोकं धरायला आपण असावं, डॉक्टरच्या दारात आपण असावं, हे तिला फार हवंसं होतं. तिने त्याची बोटं दांडीवरून एकेक करून सोडवली.

“मी थांबते.”

“तू?”

“दिवसभर बाजारात मांसावरची कुत्री हाकलते मी. ही जरा मोठी, एवढंच.”

“असुंता, ती भीत नाहीत लवकर.”

“मी तरी कुठे भिते?”

सेनोनने तिचा चेहरा हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि मान हलवली. मग त्याला घोंगडीत घालून ते निघाले. तो वजनाने पोरासारखा झाला होता, मेलितोन वाटेत नाक पुसत होता.

ते उतारावर दिसेनासे होईपर्यंत असुंता उभी राहिली. मग कप्तानाशेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. बाजारात नव्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं तिने आधी स्वतःचं नाव सांगितलं. तुमच्या आईला निरोप जाईल, म्हणाली. मासा मी कधी रांधला नाही, पण त्यांना विचारून घेईन.

बर्फावरून एक रुंद सावली सरकत आली. तिने पाना उचलून पत्र्यावर मारला. सावली थोडी हटली, पुन्हा वळली.

“जोरात!” खालच्या उतारावरून, वाऱ्यात अर्धामुर्धा, सेनोनचा आवाज आला. “अशानं काही होत नाही त्यांना! जोरात मार!”

“डोळे मिटलेत, पाय गेलेत, तरी हुकूम सोडायचा नाही,” ती कप्तानाला म्हणाली. त्याच्या खांद्यावरचा भुरभुरता बर्फ तिने झटकला, गळपट्टा नीट केला आणि पाना दोन्ही हातांत धरून उभी राहिली.