व्याह्यांच्या बँकेत

करडीच्या तलावावर मासे धरणाऱ्या केवळरामला नागपूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. हृदयाच्या नळ्या बंद पडल्या होत्या, आणि पैसे भरल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. सरकारी योजनेचं कार्ड तिथे चालत नव्हतं.

मुलगा अमर मस्कतला वेल्डर. साठवलेलं सगळं पाठवतो म्हणाला. मोहाडीच्या मोठ्या बँकेत बाबांचं खातं आहे, त्याचाच नंबर दे, असं त्याने आईला बजावलं. बायाबाईला ते पटेना. लेक नंदिनी गावातच दिलेली. तिचा सासरा भैय्यालाल तिथल्या छोट्या सहकारी बँकेत कारकून. केवळरामचं एक खातं त्यानेच तिथे काढून दिलेलं.

"इवाई बँकेत असून दुसरीकडं पैसा मांगवला तं नंदिनीले जिंदगीभर आयकाव लागन," ती नवऱ्याला म्हणाली.

केवळरामने खाटेवरून मान हलवली. सोयरीक राखायची म्हटलं की आपली माणसं जीवही गहाण टाकतात.

परदेशातून पैसे यायला बँकेचा स्विफ्ट कोड लागतो. भैय्यालालच्या बँकेला तो नव्हताच. पण विहिणीसमोर 'आमच्याकडे नाही' म्हणायला त्याची जीभ रेटेना. त्याने नागपूरच्या एका बड्या बँकेचा कोड शोधून दिला. तिथून पैसे आपोआप इकडे येतील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. बायाबाईने तो आपल्या फोनवरून अमरला पाठवला.

पैसे नागपूरला पोचले. दवाखान्यापासून ती बँक ऑटोने जाण्याइतकी जवळ. पण त्या नंबरचं खातं तिथे नव्हतं, म्हणून पैसे तिथेच अडकले आणि शेवटी आले तसे मस्कतला परत गेले. बायाबाई रोज विचारायची, भैय्यालाल रोज 'उद्या येतील' म्हणायचा. केवळराम त्या उद्याची वाट पाहतच गेला. असा संताप येतो, आणि तो काढायला माणूस सापडत नाही.

त्याच परत आलेल्या पैशांतून अमरने विमानाचं तिकीट काढलं. तेरवीची पंगत उठल्यावर त्याने आईसमोर फोन धरला.

"हा कोड कोनं देल्ला तुले?"

ओसरीवर भैय्यालाल मान खाली घालून बसला होता. उष्ट्या पत्रावळी उचलणारी नंदिनी थबकली.

"मीच पाठवला," बायाबाई म्हणाली. "कोनाले पुसलं नाही. मले वाटलं हाच असन."



अमर मस्कतला परत गेला. महिन्याचे पैसे तो वेळेवर पाठवतो, आता मोहाडीच्या बँकेत, आईच्या नावाच्या खात्यात. आले का, हे मात्र नंदिनीला फोन करून विचारतो. आईशी तो बोलत नाही.