पटावरचं टक्कल

सिहोऱ्याच्या खुशालची तीन ठिकाणची सोयरीक टोपी काढल्याबरोबर मोडली होती. चौथी जमली, ती टोपी न काढल्यामुळे.

करडीचे पुंडलिकराव त्याला पाहायला आले तेव्हा तो लाल फेटा बांधून बसला होता. पाहुण्यांना फेटा आवडला. साक्षगंधाची तारीख ठरली. आई कौशल्याबाईने बजावलं, "अक्षता पडेपर्यंत फेटा सोडशीन, तं मी तुही माय नाही!"

खुशालचं वय सत्तावीस, केस त्याहून कमी.

पण साक्षगंधाच्या आठ दिवस आधी करडीचा शंकरपट, म्हणजे बैलगाड्यांची शर्यत, आला. साल अठ्ठ्याहत्तर. खुशालची बैलजोडी वर्षभर त्याच्यापेक्षा चांगलं जेवत होती. ती घरी ठेवणं शक्यच नव्हतं. आणि शेवटच्या रेषेवर पंच म्हणून उभे कोण? पुंडलिकराव.

झेंडी पडली. दोन जोड्या सुटल्या! एका बाजूने मोहाडीच्या वासुदेवरावांची, दुसऱ्या बाजूने खुशालची. धूळ अशी उडाली की बैलांची नुसती शिंगं दिसत होती. अर्ध्यावर वाऱ्याने फेटा सुटला आणि नऊ हात लाल कापड मागे फडफडत गेलं. धुळीतून एकच वस्तू लखलखत पुढे निघाली.

"हाण बे टकल्या! हाण!" सारा पट ओरडला. मीही ओरडलो. आजवर हा शब्द ऐकला की खुशाल मान खाली घालायचा. त्या दिवशी त्याने मान वर केली, बैलांना हाळी दिली आणि हातभर पुढे रेष ओलांडली!

बैल रेषेवर थांबत नसतात. ते थेट पलीकडच्या धानाच्या बांदीत शिरले. तिथे कौशल्याबाई आधीच पोचली होती, काखेत दुसरा लाल फेटा घेऊन. बाई दूरदृष्टीची.

खुशाल फेटा बांधून परत आला, तर वासुदेवराव पुंडलिकरावांशी भांडत होते.

"सुटला तो फेटेवाला, पोचला तो टकला. मधात माणूस बदलला जी! जोडी बाद करा."

"काहून रे खुशाल," पुंडलिकरावांनी विचारलं, "गाडीवर टकला कोन होता?"

कौशल्याबाई कानाशी लागली. "चूप राय. पट गेला तं गेला, पोरगी राहू दे."

खुशालने बैलांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडाला फेस होता. त्याने फेटा सोडला, नीट घडी केली आणि आईच्या हातात दिला.

"मीच होतो जी."

पुंडलिकरावांचं तोंड उघडंच राहिलं. वासुदेवराव मात्र हुशार.

"सारे टकले सारखेच दिसते. वळख काय?"

तेवढ्यात बायका बसलेल्या बैलबंडीवरून आवाज आला. "मांगच्या बाजूले, डाव्या कानाच्या वर, वण हाये. पाहा!"

ती चंद्रकांता होती. पुंडलिकरावांची पोरगी.

पंचांनी खुशालला फिरवलं. वण होता.

"तुले कसं माहीत वो?" बाप गरजला.

"फेटा सुटला तवापासून मी दुसरीकडं पायलंच नाही, बाबा."

"लाज नाही वाटत?"

"कायची लाज? पयला आला न तो!"

पट हसून हसून लोळला. पुंडलिकरावांनी एकदा पोरीकडे पाहिलं, एकदा टकलाकडे, आणि झेंडी खुशालच्या बाजूने वर केली. तिच्यात दोन्ही निकाल आले, हे कौशल्याबाईच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मग तिने हातातला फेटा घेऊन डोळे पुसले.

पुढच्या वर्षी पटाच्या आदल्या दिवशी न्हाव्याकडे रांग लागली. अकरा गाडीवाल्यांनी डोक्याचा चकोट करून घेतला. घरोघरी आया बोंबलत होत्या, "बाप जित्ता हाये न रे मेल्या!"

पटावर मात्र पुंडलिकरावांची पंचाईत झाली. जो येई तो लखलखतच येई; पहिला कोण, कळेना. शेवटी त्यांनी हुकूम काढला की सगळ्यांनी फेटे बांधावे.

"अन् जावई?" कुणीतरी विचारलं.

"तो बिनाफेट्याचाच पळन," पुंडलिकराव म्हणाले. "त्याचा मान हाये तो."